माळावरची शर्यत
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला की मला माण तालुक्यातला तो तापलेला माळ आठवतो. पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. त्या हंगामात जत्रेजत्रेत सायकलींच्या शर्यती लागायच्या, तुडवलेल्या खडकाळ वाटांवरून, आणि प्रत्येक ठिकाणी आमच्याच गावचा एक मेंढपाळ पहिला यायचा, मी दुसरा. माझी सायकल नवी कोरी, त्याची मडगार्ड नसलेली, जुनाट. तरी चढावर तो सहज पुढं निघायचा आणि मी मागून दात-ओठ खात पॅडल मारायचो. हंगामातल्या शेवटच्या शर्यतीत बाभळीचा काटा घुसून त्याचं पुढचं चाक बसत चाललं. "गड्या, पंप दे की, हवा मारत मारत गाठतो," तो म्हणाला. पंप माझ्या पाठीवरच्या पिशवीत होता. "न्हाई रं, घरीच राहिला," म्हणत मी पॅडल मारलं आणि पहिला आलो. गावचे एक म्हातारे मला फेटा बांधू लागले, तेवढ्यात गलका उठला. तो सायकल खांद्यावर घेऊन अनवाणी पळत येत होता. "लय भारी!" म्हणत सगळी जत्रा तिकडं धावली, म्हातारेही माझा फेटा अर्धाच टाकून गेले. गर्दीतून सुटून तो थेट माझ्याकडं आला, हसला, "आज तुजा दिवस हाय, असा कसा उभा रं?" म्हणाला आणि त्यानंच तो फेटा नीट बांधून दिला. खोटं बोलल्याची लाज मला पुढं वाटली, अजूनही वाटते. पण खरं सांगायचं तर त्याच्या त्या हसण्याचा हेवा लाजेहून जास्त वाटतो.