हवेत सोडलेली पिन

पक्षाघातानंतर वडील अंथरुणाला खिळले. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डावीही जवळजवळ गेलीच. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताच्या एका बोटात थोडी ताकद उरली असेलही. त्या 'असेलही'वर विसंबून मी पडेगावच्या घरात घंटी बसवायला घेतली. मी वाळूजला कारखान्यात मशीनचं प्रोग्रॅमिंग करते, त्यामुळं हिला सगळं जमतं असं घरात सगळ्यांना वाटतं. मलाही वाटतं, ही त्याहून मोठी पंचाईत.

काम सोपं होतं. बोटभर लांबीचा मायक्रोकंट्रोलर बोर्ड, त्याच्या पिनांना, म्हणजे वायर जोडायच्या टोकांना, पायथन या संगणकभाषेतून हुकूम सोडायचे. वडिलांच्या बोटाखाली हलकं बटण, तिथून वायर थेट स्वयंपाकघरात. बटण दाबलं तर पिनवर एक, नाहीतर शून्य. एक आला की घंटी वाजवायची.

पहिल्याच संध्याकाळी ती वाजली. आई कणकेच्या हातानं धावली. वडील छताकडं बघत होते. मी त्यांचं बोट उचलून चादरीवर ठेवलं, तरी घंटी वाजली. मग ते रोजचंच झालं. कुणी दारावरून गेलं की वाजायची, कुणी नसलं तरी वाजायची. दिवेलागणीला आई देवापुढं बसली की हमखास.

"घरात कुणीतरी फिरतंय गं," आई म्हणाली.

"भुतांना बटणं लागत नाहीत," मी म्हटलं. पण खरं सांगते, त्या खोलीत एकटीनं जायला माझेही पाय घुटमळू लागले.

त्याच दिवसांत कन्नड गावची आत्या भेटायला येऊन गेली. वडिलांच्या उशाशी बसून, त्यांच्याच देखत म्हणाली, "दादाला काय कळतंय आता? देवानं सोडवावं बिचाऱ्याला." कुणी तिला अडवलं नाही. त्या खोलीत आम्ही सगळेच असं बोलत होतो, जसं कपाटासमोर बोलावं.

शेवटी चूक सापडली. बटण मोकळं असताना पिनला शून्याशी बांधून ठेवावं लागतं. मी ती हवेत सोडली होती. अशी पिन आसपासच्या विजेची कसलीही चाहूल पकडते, जवळून गेलेला माणूस, लागलेला दिवा, सुरू झालेला फ्रीज. प्रोग्रॅममध्ये एक शब्द घातला आणि घंटी गप्प झाली.

घर फार शांत झालं. आई म्हणाली, "वाजायची तवा वाटायचं तरी, हाक मारायलेत म्हणून."

मग एका दुपारी घंटी वाजली. मी चिडून लॅपटॉप उघडला. पिनवर एक होता, ठाम, जरासुद्धा न हलणारा. मी आत गेले. वडिलांचं बोट बटणावर होतं आणि जोरानं नख पांढरं पडलं होतं. डोळे खिडकीकडं.

खिडकीबाहेर नळातून हवेचा फुसफुस आवाज येत होता.

आमच्याकडं नळाला किती तरी दिवसांनी पाणी येतं, वेळेचा पत्ता नसतो. आधी नुसती हवा सुटते. तो आवाज घरात सगळ्यांच्या आधी वडिलांना ऐकू यायचा. जिथं असतील तिथून ओरडायचे, "पाणी आलं!" आणि आम्ही हंडे घेऊन धावायचो. त्यांचं ते काम त्यांनी सोडलेलं नव्हतं.

आई रडत रडत हंडे भरत होती. मीही आधी आनंदानं वेडी झाले. मग पाइप टाकीत सोडताना लक्षात आलं. यांना नळ ऐकू येतो. म्हणजे सगळंच ऐकू येत होतं, पहिल्या दिवसापासून.

पुढच्या आठवड्यात आत्या पुन्हा आली. आम्ही काही सांगायच्या आत थेट खोलीत गेली. आई चहा गाळत होती, मी कप मांडत होते. आतून तोच सूर ऐकू आला, "दादाला काय कळतंय? देवानं आता..."

घंटी वाजली.

"अगं, बिघडली बघ तुझी घंटी!" आत्या ओरडली.

आईनं गाळणी खाली ठेवली. "बिघडली नाय, वन्सं," ती म्हणाली. "तुमचे दादा बोलायलेत."

घंटी थांबत नव्हती.