चार दिवसांची कारली

मानोऱ्यात आमचं बांगड्यांचं दुकान आहे. तिथे बसून आमचे हे दिवसाला सहा चहा पितात, तेही गोडमिट्ट. पण साखर तपासायची तारीख आली, की आधीचे चार दिवस कडक पथ्य. फिका चहा, ज्वारीची भाकर, कारल्याची भाजी. मग रिपोर्ट बरा यायचा आणि येताना हे पावशेर बालूशाही घ्यायचे. "पास झालो ना!" म्हणायचे. मीही हसायचे. दुसऱ्या कोणावर काय चिडू? ती कारली मीच रांधत होते.

यंदा ह्यांच्या पायाला जखम झाली, ती काही भरेना. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी वेगळी तपासणी करायला लावली. ती मागच्या तीन महिन्यांची साखर सांगते म्हणे. कागद पाहून बाई भडकल्या, "काका, कोणाले फसवून राह्यले तुमी?" ह्यांनी मान खाली घातली.

दोन बोटं काढावी लागली. घरी आल्यावर मी त्याच दिवशी किलोभर कारली आणली. पलंगावरून पिशवीकडे बघत हे म्हणाले, "आताच कायले आणले? तारखेच्या चार दिवस आधी आणजो."