उलटा चारमिनार

अशरफी त्यांनी कधी तळहातावर घेतली नाही. दोन नखांत कडेने धरून ती खिडकीच्या उजेडात फिरवत आणि म्हणत, "नाणं पाहायचं असतं, दाखवायचं न्हाई."

नांदेडच्या अदालतीत ते पेशकार होते. मी त्यांच्या हाताखालचा कारकून आणि भिंतीला भिंत लागून राहणारा शेजारी. सबब त्यांच्याविषयी बोलण्याचा अधिकार माझा आहे, सभांतून गळा काढणाऱ्यांचा नाही.

पोटाला चिमटा घेऊन त्यांनी सोन्याची नाणी जमवली: निजामाची चारमिनार छापाची अशरफी, इंग्रजाची गिन्नी, कुठल्याशा दर्यापारची झिजलेली पुतळी. दागिन्यासाठी कडी डाकलेली अशरफी कोणी विकायला आणली, की हे विव्हळत, "हिला फाशी कोणी दिली हो?" शुक्रवारी अदालत बंद, त्या दिवशी सर्व नाण्यांना रिठ्याच्या पाण्याचे स्नान. वहिनी मला हाक मारून सांगत, "बघा भाऊजी, माझ्या सवती न्हाऊन राहिल्या!"

एकदा हदगावच्या लग्नाहून परतताच वहिनी माझ्यादेखत कडाडल्या, "साऱ्या बायांच्या गळ्यात पुतळ्यांच्या माळा, अन् माझ्या गळ्यात तुमचं व्याख्यान!"

"अगं, नाणं पाहायचं असतं..."

"मंग मला कधी पाहू दिलं?"



दुसऱ्या दिवशी सर्वांत देखणी अशरफी घेऊन ते सोनाराकडे गेले. सोबत मी होतो. बाकी कोणी होते असे जो म्हणेल, तो थापाड्या. सोनार मिनारांच्या टोकाला कडी लावू लागताच हे ओरडले, "वर नको, खाली लाव!"

"मालक, चारमिनार उलटा लटकंल."

"जगाला उलटा दिसू दे. आमच्या हिनं उचलून पाहिला की हिला सरळ दिसला पायजे."

गाव हसले. कोणी म्हणे सोनार प्यालेला होता, कोणी म्हणे पेशकारांचे डोके फिरले. पुढे निजामी गेली, पेशकारही गेले आणि शोकसभेत एक वक्ता गरजला, "भर निजामीत चारमिनार उलटा टांगणारा हा मर्द!"

मी ताडकन उठलो. "साफ खोटं! त्यांनी तो..."

"बसा हो भाऊजी," पुढच्या रांगेतून वहिनी म्हणाल्या. "बोलू द्या त्यांना."

टाळ्यांचा कडकडाट झाला. वहिनींनी गळ्यातली पदराआडची अशरफी दोन नखांत कडेने धरली, डोळ्यांपाशी उचलली आणि बराच वेळ एकट्याच पाहत राहिल्या.