उडणाऱ्या सुनेचा शेवट

नव्वदच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर एक मालिका लागे. नायिका एका घरची सून होती. दिवसा कचेरीत टंकलेखन करी, कोणावर संकट आले की आकाशातून उडत जाऊन त्याला वाचवी, आणि घरी कोणाला त्याचा पत्ता नसे. मी तेव्हा घोडेगावात शिक्षक होतो. असल्या गोष्टींत मला रस नव्हता. माझ्या पत्नीला होता.

आमच्याकडे टीव्ही नव्हता. शेजारी एक जैन कुटुंब राहत असे. पुढे किराण्याचे दुकान, मागे घर. आळीतल्या बायका तिथे जमत. रिकाम्या हातांनी बसणे कोणालाच पटत नसे, म्हणून भुईमुगाच्या शेंगा, पावटा, जे असेल ते सोलायला सोबत नेत. भिंतीपलीकडून टरफले फुटल्याचा आवाज येई. तो थांबला की नायिका उडाली, असे मी समजे.

पुण्याच्या वर्तमानपत्रांत मालिकेवर बरेच छापून येई. एकाने तिला स्त्रीमुक्तीची पहाट म्हटले, दुसऱ्याने नुसता पोशाखाचा खेळ. ते मी वाचून दाखवावे, असा बायकांचा आग्रह. एकदा त्यांच्याकडे बसून वाचत असता दुकानदार शेठ आत डोकावले.

"गुरुजी, बायका आता उडायला लागल्या. भाकऱ्या कोण थापणार?"

पत्नीने हातातल्या शेंगेवरून नजर उचलली नाही. "शेठ, उडून आल्यावर तीच थापती की. बघत न्हाई का तुमी?"

"लई दमत असंल बाई," शेठाणी म्हणाल्या. बायका हसल्या. शेठही हसले.

पुढे पत्नीच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासले आणि घरी न्यायला सांगितले. त्याचा अर्थ तिला समजावून सांगावा लागला नाही. शेठ स्वतः टीव्ही उचलून आमच्या घरी ठेवून गेले. रविवारी बायका आता तिच्या खाटेभोवती बसू लागल्या.

एका रविवारी सून उडून परतली, गच्चीवर उतरली, आणि समोर सासू उभी. तिथे भाग संपला. पुढच्या रविवारी त्या वेळेला दुसराच कार्यक्रम लागला. प्रेक्षक घटल्याने मालिका बंद केल्याचे वर्तमानपत्रात आले. बातमी चार ओळींची होती.

"म्हंजी पुढं काय झालं, ते कळायचंच न्हाई?" पत्नीने विचारले.

नंतरही ती तेच विचारत राहिली. अन्नावरची तिची वासना गेली होती. दुसरे काही ती मागत नव्हती. मी जन्मात गोष्ट रचली नव्हती, ती रचली. सून सासूच्या पाया पडते, क्षमा मागते. सासू तिला पोटाशी धरते. सून उडणे सोडते.

"माफी कशापायी?"

"घरच्यांपासून लपवले म्हणून."

"लपवलं कुठं? त्यांनी कवा इचारलं?" तिने कूस बदलली. "ह्यो शेवट पेपरवाल्यास्नी द्या. मला दुसरा सांगा."

दुसरा मला सुचेना. वर्गात जाताना, येताना तोच विचार डोक्यात असे. अखेर तिलाच विचारले, की तू सांग, काय व्हावे.

ती आढ्याकडे बघत म्हणाली,

"सासूला म्हणायचं, आत्याबाई, येता का? बसा पाठीवर."

आणि ती हसू लागली. हसताना पोटात कळ येई, म्हणून पदराचा बोळा तोंडावर दाबून हसली.

त्यानंतर तिचे बोलणे कमी होत गेले. पौषात ती गेली.

दहाव्यानंतर शेठाणी येऊन बसल्या. टीव्ही न्यावा, असे मी म्हणालो. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग हळूच विचारले, "गुरुजी, त्या सुनेचं पुढं काय झालं, वहिनींना कळलं का शेवटी?"

मी पत्नीचा शेवट त्यांना सांगितला. त्यांनी डोळे पुसले.

"मग सासू बसली का?"

ते मी विचारले नव्हते.