आहेराची रजई

माझी मावसबहीण गेल्या महिन्यात वारली. तेराव्याच्या पंगतीत कुणीतरी म्हणालंच, "बाई भली होती, पण पायगुण वाईट." हे वाक्य मी पन्नास वर्षं ऐकत आलो आणि खाली मान घालून जेवत आलो. आता माझेही फार दिवस उरलेले नाहीत. तिचा नवरा लग्नानंतर महिन्याभरात गेला तो तिच्या पायगुणाने नाही. तो मी आहेरात दिलेल्या रजईने गेला.

संस्थानाचे दिवस होते. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका दवाखान्यात मी कारकून होतो. तिची आई, म्हणजे माझी मावशी, ती लहान असतानाच गेल्यामुळे ती आमच्याच घरी वाढली. तिचं लग्न माधवगंजातल्या एका घरी ठरलं, तेही माघात. पगार घरखर्चात जाई, आणि आहेर तर मनासारखा द्यायचा होता. भांडी सगळेच देणार होते. ही पोर थंडीने फार कुडकुडायची, म्हणून मला रजई सुचली. मावशीचं जांभळं लुगडं आईने पेटीत जपून ठेवलं होतं, त्याची खोळ शिवायची. लुगडं घरचं, शिवणही घरचं. अडलं ते कापसापाशी.

देवीचा रोगी दगावला की त्या घरातलं अंथरूण-पांघरूण आमच्याकडे जाळायला येई. मागच्या अंगणात ते जाळायचं आणि वहीत 'जाळले' असं लिहायचं, हे काम माझं. पौषात एका बड्या घरचं गाठोडं आलं. त्यात जवळजवळ नवी रजई होती. तिची खोळ मी आगीत टाकली, कापूस पोत्यात भरून घरी नेला आणि वहीत 'जाळले' लिहिलं.

मला कळत नव्हतं असं नाही. पण आठ दिवस छतावर कडक ऊन दाखवू, मग पिंजारी पिंजेल, आणि पिंजला की कापूस नवा होतो, असं तेव्हा सगळेच मानत. शिवाय तिला लहानपणी देवी टोचलेल्या होत्या. दंडावरचे वण मी पाहिलेले होते. तिला काही होणार नव्हतं.

पिंजारी आमच्या अंगणात बसला. "बाबूजी, रुई तो बढ़िया है. कहाँ से लाए?"

"घर की है," मी म्हणालो.

दिवसभर तो त्या उडणाऱ्या कापसात बसून होता. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या.

लग्नात आहेर मोठ्याने सांगण्याची रीत होती. माझी रजई उलगडली तेव्हा तिने लुगडं ओळखलं आणि सगळ्यांदेखत त्याला गाल लावला. मग नवऱ्या मुलाची आत्या म्हणाली, "अहो, एकच दिलीत? आमच्या मुलानं काय कुडकुडत बसायचं?"

"एकीत भागतं हो आत्याबाई, नव्या नवलाईचं!" मागून कुणी बोललं आणि मांडव हसला.

मीही हसलो, आणि हसता हसताच लक्षात आलं. रजई दोघांची असते. इतकी साधी गोष्ट, पण मी विचार केला होता तो फक्त तिचा.

जेवणं झाल्यावर मी नवऱ्या मुलाला गाठलं. "तुम्हाला लहानपणी देवी टोचल्या होत्या ना?"

"छे, आमच्या आजीला ते मान्य नव्हतं. का हो?"

"काही नाही. दवाखान्यातली सवय."

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंजाऱ्याच्या घरी गेलो. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या बांधल्या होत्या. त्याची बायको आतूनच म्हणाली, "माता आई हैं, बाबूजी. चार दिन हो गए." माता म्हणजे देवीच.

तिथून मी थेट माधवगंजात गेलो. रजई छताच्या कठड्यावर उन्हात घातलेली होती. ती वरून ओरडली, "दादा, वर ये ना! अरे, इतकी ऊब आहे तिला. आईच्या कुशीत निजल्यासारखं वाटतं."

एक वाक्य बोलायचं होतं. पण ते बोललो की वहीतलं खोटं उघडं पडणार, नोकरी जाणार, आणि नव्या सोयऱ्यांसमोर तोंड काळं होणार. "उशीर झालाय गं," म्हणून मी वळलो.

त्यानंतर रोज मी वाट वाकडी करून त्या घरावरून जाई. रोज कठड्यावर ती जांभळी रजई दिसे. दिसली की वाटे, आज बोलू. मग एके दिवशी कठडा रिकामा होता.

तिच्या नवऱ्याला देवी आल्या होत्या. आजाराच्या नवव्या दिवशी तो गेला. पिंजारी वाचला, पण एका डोळ्याने आंधळा झाला. तिच्या अंगावर मात्र एक फोड उठला नाही, आणि तेच तिला भोवलं. मी भेटायला गेलो तेव्हा तिची सासू माझ्यासमोर म्हणाली, "हिला एक फोड नाही बघा. माझा लेक तेवढा खाल्लान्." तेव्हाही मी गप्प बसलो. त्या दिवसापासून ते वाक्य तिला चिकटलं आणि मरेपर्यंत सुटलं नाही.

ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. मला बघून हळूच म्हणाली, "दादा, इथलं अंथरूण तुमच्याच दवाखान्यात नेलंय. रजईपण. आईच्या लुगड्याचा काठ तेवढा उसवून आणशील? मी उकळून घेईन."

"नाही आणता येणार," मी म्हणालो. "सगळं जाळायचं असा नियम आहे."

तिने मान हलवली. मी परत गेलो, रजई काठासकट जाळली, ती पूर्ण विझेपर्यंत तिथे उभा राहिलो आणि वहीत 'जाळले' लिहिलं. पुढे ती सगळ्यांना सांगायची, आमचा दादा फार नियमाचा माणूस.