तीन बोटं

आमच्या मास्तरांचा एकच नियम होता. व्हायोलिन जबड्याने धरायचं, हाताने नाही. डावा हात सुरांसाठी आहे, त्याला हमालीला जुंपायचं नाही.

वटार गावात त्यांच्या वाडीत केळींच्या मधोमध विहीर होती. नव्या शिष्याच्या गळ्याशी ते व्हायोलिन लावून देत, डावा हात पाठीमागे घ्यायला सांगत आणि विहिरीभोवती चालायला लावत. चालताना दहा ‘नमो मरिये’ प्रार्थना म्हणायच्या. मनातल्या मनात, कारण तोंड उघडलं की वाद्य घसरलंच. मधेच मागून येऊन ते व्हायोलिनचं टोक ओढून बघत. निसटलं तर पुन्हा पहिल्यापासून. खांद्यावर उशी ठेवणं म्हणजे त्यांच्या लेखी शुद्ध आळशीपणा. चौदाव्या वर्षी मी अख्खी रोजरी, जपमाळेच्या पन्नास नमो मरिये, एका दमात फिरून दाखवली. तेव्हापासून वाडीत माझं नाक जरा वरच असायचं.

मास्तर कुणाशी फारसं बोलत नसत. हसले तर मिटल्या ओठांनी. लग्नाकार्यात वाजवायला येत, पण जेवायला थांबत नसत. घरी जाऊन पेज पितात, असं ऐकू यायचं. गावाने त्यांना घमेंडखोर ठरवून टाकलं होतं आणि मला त्या घमेंडीचा अभिमान होता. रविवारच्या उपासनेत, मिस्सात, कम्युनियनची पवित्र भाकर घ्यायला आम्ही गायनमंडळातले सगळे सज्जातून रांगेने खाली उतरायचो. मास्तर मात्र ऑर्गन वाजवत वरच राहायचे आणि मिस्सा संपल्यावर आत फादरांकडे जाऊन पवित्र भाकर घ्यायचे. मला वाटायचं, निष्ठा असावी तर अशी.

मी एकोणीस वर्षांची असताना त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं की यंदा देवळाच्या सणाच्या मिस्साला पहिलं व्हायोलिन मी वाजवेन. त्या खुर्चीवर तोवर एकही मुलगी बसलेली नव्हती. आईने त्याच दिवशी ठेवणीतली साडी बाहेर काढून उन्हात टाकली.

माझ्या जबड्यात तेव्हा वर्षभर ‘कट्’ असा आवाज येत होता. डाव्या कानापुढे, प्रत्येक घासाला. घरात त्याची थट्टा व्हायची. मग दुखायला लागलं. सकाळी उठल्यावर तोंड उघडायला वेळ लागे, गरम फडकं लावावं लागे. अक्कलदाढ असेल म्हणून स्टेशनजवळच्या एका डॉक्टरांनी दाढ काढली. चांगली धडधाकट दाढ होती. दुखणं होतं तिथंच राहिलं आणि मी गप्प बसले. खुर्ची गेली असती ना.

सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, नोव्हेनाच्या, तिसऱ्या दिवशी जबडा उघडलाच नाही. दातांमध्ये करंगळी जेमतेम जात होती. फडकं झालं, तेल चोळून झालं, उपयोग शून्य. तशीच देवळात गेले, कारण मिस्सानंतर तालीम होती. रांगेत माझा नंबर आला. फादर म्हणाले, “ख्रिस्ताचं शरीर.” मी आमेन म्हटलं ते दातांतूनच. त्यांनी हात पुढे केला आणि मी तोंड उघडू शकले नाही. जीभ दातांमागेच अडकलेली. मागे सबंध गाव उभं. आता हे सगळ्यांना कळणार, एवढंच डोक्यात होतं.

फादरांनी काही विचारलं नाही. भाकर मोडली आणि अर्धा तुकडा फटीतून अलगद आत सरकवला, मग दुसरा. हाताला सवय असल्यासारखं.

मिस्सा संपल्यावर मी त्यांना गाठलं. “कुणाला सांगू नका फादर.”

“मी कशाला सांगू?” ते म्हणाले. “मास्तरांचं तरी कुठे सांगितलं? इतकी वर्षं त्यांना अशीच मोडून देतोय.” मग माझा चेहरा बघून ते गडबडले. “तुला ठाऊक नव्हतं?”

तालमीला मी थांबले नाही.

दुसऱ्या दिवशी उमेळ्याला गेले. चिकूची वाडी तोडून उभ्या राहिलेल्या एका इमारतीत दातांच्या एक डॉक्टरीणबाई नवीन आल्या होत्या. त्यांनी माझ्या कानापुढे बोटं ठेवली आणि तोंड उघड-मीट करायला सांगितलं. म्हणाल्या, “दाताचं काही नाही गं. सांधा आहे इथं, गुडघ्याला असतो तसा. धडधाकट माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. तुझं एकही धड जात नाही. करतेस काय तू दिवसभर?”

मी बरोबर आणलेली व्हायोलिनची पेटी उघडून दाखवलं. वाजवून नाही, नुसतं धरून. त्यांनी हाताने व्हायोलिन ओढून पाहिलं, हललं नाही. मला सवयीने बरं वाटलं. त्या मात्र गंभीर झाल्या. टेबलावरच्या टॉवेलची घडी माझ्या खांद्यावर ठेवून त्यावर वाद्य टेकवलं आणि माझा डावा हात उचलून त्याखाली लावला. “असं धरलं तर काय बिघडतं?”

“मास्तर ओरडतात.”

“सहा आठवडे वाजवायचं नाही,” त्या म्हणाल्या. “मऊ खायचं. नाही ऐकलंस तर हे कायमचं होईल.”

सणाला सहा दिवस होते. व्हायोलिन आणि मी, दोघं रिक्षातून परत आलो. रस्ताभर माझ्या मनात मास्तरांना ऐकवायची वाक्यं तयार होत होती.

ते विहिरीजवळ बसून ऑर्गनच्या वह्या चाळत होते. मी नमस्कारही केला नाही. “तुम्हांला स्वतःला हे आहे. तरी मला फिरवलंत.” रागाने दात आवळले गेले आणि कळ मस्तकात गेली.

त्यांनी वही मिटली. “माझ्या मास्तरांना पण होतं,” ते म्हणाले. “त्यांच्या जबड्याचा आवाज यायचा. मला वाटलं, चांगलं वाजवणाऱ्याला होतंच. माझा आला तेव्हा मी गावभर सांगणार होतो.” मग म्हणाले, “तुझा गेल्या वर्षी तालमीत ऐकला. खूश झालो मी. म्हणून तर खुर्ची तुला दिली.”

मला वाटत होतं, ती खुर्ची माझ्या बोटांनी मिळवली होती. एवढं कशानेच लागलं नाही, दाढेनेही नाही. मी रडले, विहिरीच्या काठावर बसून, आणि रडायलाही तोंड नीट उघडत नव्हतं.

“सणाला तू वाजवायचं नाहीस,” मास्तर म्हणाले.

“मग कोण?”

“कोणी नाही. पण बसायचं तिथंच.”

सणाच्या दिवशी पहिल्या खुर्चीत मी बसले, व्हायोलिन मांडीवर घेऊन. माझे सूर मास्तरांनी ऑर्गनवर वाजवले. खाली लोक माना वर करून बघत होते. आई त्या साडीत दुसऱ्या रांगेत होती आणि एकदाही वर बघत नव्हती. त्या दिवशी मला मास्तरांचा राग आला, डॉक्टरीणबाईंचा आला, देवाचासुद्धा आला. माझी डावी बोटं मात्र मांडीवर आपापली चालत होती.

सहा आठवड्यांनी मी वाडीत गेले तेव्हा विहिरीभोवतीच्या पायवाटेवर गवत आलं होतं. मुलांच्या खांद्यांवर टॉवेलच्या घड्या होत्या. पेट्या अजून बंद होत्या आणि मुलं ओळीने उभी होती, प्रत्येकाची तीन बोटं तोंडात. मास्तर एकेकासमोर थांबून वाकून बघत होते. बोटं गेली तरच पेटी उघडायची, हा नवा नियम. उमेळ्याला जाऊन ते विचारून आले होते, मला न सांगता.

मी ओळीच्या शेवटी उभी राहिले. माझी दोन गेली. “पुढच्या रविवारी,” ते म्हणाले, आणि माझी पेटी स्वतःच्या हाताने बाजूला ठेवली.

तेवढ्यात ओळीतली एक चिमुरडी म्हणाली, “मास्तर, तुमची?”

सगळी मुलं थांबली. मास्तर माझ्याशेजारी येऊन ओळीत उभे राहिले. तर्जनी दातांना लावली. नखापर्यंत गेली, पुढे नाही.

“नापास,” पोरगी म्हणाली आणि मुलं खदखदून हसली. मास्तरही हसले, नेहमीसारखे, ओठ मिटून.