गुरुवारचा वाडगा

लोह्याच्या आमच्या शाळेत प्रार्थना संपून मुलं वर्गाकडे निघाली होती, तेव्हा लातूरहून आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझा मित्र व्यंकट याच्या हॉटेलचे जागामालक. डाळीचे व्यापारी, फोनवर नेहमी ओरडून बोलणारे. त्या दिवशी त्यांचा आवाज बारीक झाला होता. "मास्तर, आपला व्यंकट गेला..." एवढंच म्हणाले. सकाळी अंबाडी निवडता निवडता छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. मी मिळेल त्या एसटीत बसलो. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. खिडकीबाहेर काय दिसत होतं ते आता आठवत नाही, पण मनात एकच प्रश्न घोळत होता हे आठवतं, आणि तो अशा वेळी पडावा असा प्रश्न नव्हता. त्या वाडग्यात नेमकं काय राहिलं होतं? आणि आता ते कोण शोधणार?

हा प्रश्न कळायचा तर आधी अंबाडीची गोष्ट सांगायला हवी. मी मुखेड तालुक्यातल्या खेड्यातून नांदेडला कॉलेजात आलो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच. वसतिगृहाच्या मेसमध्ये पोट भरायचं नाही आणि कुणाला सांगायची लाज वाटायची. व्यंकट शेजारच्या बाकावर बसायचा. त्यानं एकदा काही न बोलता डबा माझ्याकडे सरकवला. त्यात परतलेली अंबाडी होती, लसणाची आणि चांगली तिखट. मी म्हणालो, ही तर आमच्या आईच्या हातची भाजी. तो म्हणाला, "हॅट, ही रंगूनची हाय." मला वाटलं, चेष्टा करायलाय. पण ते खरं होतं. त्याची आजी, तिला तो नानम्मा म्हणायचा, आंध्रातून लग्न होऊन बर्माला गेलेली. तिकडून आपल्या लोकांना निघावं लागलं तेव्हा ती बोटीनं परत आली आणि नातलगांच्या आधारानं, गिरणीत काम मिळेल म्हणून, कुटुंब नांदेडला येऊन राहिलं. व्यंकटचे वडील तेव्हा नऊ वर्षांचे होते. नानम्मा म्हणायची, बर्मात अंबाडी, आंध्रात अंबाडी, आणि नांदेडच्या बाजारात उतरले तर पहिल्याच टोपलीत अंबाडी... तेव्हा कुठं मी रडायची थांबले. हे मला व्यंकटनं सांगितलं. तोपर्यंत नानम्मा जाऊन बरीच वर्षं झाली होती. पुढची तीन वर्षं त्याच्या आईनं डब्यात माझ्या वाट्याची भाजी जास्तीची घातली. मी पदवीधर झालो त्यात त्या डब्याचा वाटा फार मोठा आहे.

मी शिक्षक झालो. व्यंकटनं बऱ्याच नोकऱ्या केल्या, हैदराबादच्या मोठ्या हॉटेलांत स्वयंपाक शिकला आणि मग सगळं सोडून लातूरला आला. क्लासेसच्या भागात आप्पांचे दोन गाळे भाड्यानं घेऊन त्यानं हॉटेल काढलं. पाटीवर मोठ्या अक्षरात 'अंबाडी' आणि खाली 'बर्मी आणि आपलं जेवण'. मी म्हणालो, लातूरला हे कोण खाणार? तो म्हणाला, इथं गावोगावची पोरं शिकायला आलीत, त्यांना आईच्या हातचं पाहिजे आणि रोज तेच नकोपण असतं. त्याचं खरं ठरलं. परतलेल्या अंबाडीत बांबूचे कोंब आणि सोबत ज्वारीची भाकरी. हरभऱ्याच्या पिठाचा तोहू, म्हणजे पीठ शिजवून थापायचं, निवल्यावर काप करायचे आणि वरून करडईचं तेल, तळलेला लसूण, लिंबू. आप्पांनी पहिल्या दिवशी तोहू खाल्ला आणि गंभीरपणे विचारलं, "पाटवडी बरी जमलीय, पण फोडणी द्यायची विसरलास का रे?" व्यंकट हे सगळ्यांना सांगायचा. मला मात्र नवल वाटायचं ते वेगळ्याच गोष्टीचं. समुद्रापलीकडच्या चुलीवरचा आणि आमच्या मुखेडच्या चुलीवरचा पदार्थ एकमेकांना न भेटता सारखे कसे झाले असतील? यावर तो आणि मी तासन् तास बोलायचो. त्याचं म्हणणं असं की माणसं वेगळी असतात, भूक सारखीच असते.

पण एक पदार्थ त्याला जमत नव्हता. मोहिंगा. शेवयांवर ओतायचा दाट, आंबट-तिखट रस्सा. क्लासची पोरं त्याला 'तिखट शेवया' म्हणायची आणि आवडीनं खायची. तरी व्यंकटच्या मते तो जमला नव्हता, कारण त्याच्या वडिलांनी तो जमला असं म्हटलं नव्हतं. वडील, म्हणजे नायना, बायको गेल्यावर नांदेडला एकटेच राहायचे. लातूरला राहायला या म्हटलं की 'बघू' म्हणायचे. फक्त दर गुरुवारी सकाळच्या एसटीनं यायचे, कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मोहिंग्याचा एक वाडगा खायचे आणि दुपारच्या गाडीनं परत जायचे. लहानपणी आई करायची तो मोहिंगा त्यांच्या जिभेवर होता. व्यंकटनं तो कधी चाखलेला नव्हता, कारण तो कळता होईपर्यंत नानम्माचे हात थकले होते. नायना खायचे, तोंड पुसायचे आणि म्हणायचे, "न्हाई." एवढंच. मग व्यंकट पुढचा आठवडाभर शोधत राहायचा. गवती चहा कमी पडला का, केळीचा गाभा कोवळा नव्हता का... एकदा त्यानं ओळखीच्या माणसाकडून मद्रासहून मासळीचा आंबवलेला गोळा मागवला. तिकडं त्याशिवाय मोहिंगा करत नाहीत म्हणे. डबा उघडला आणि वर राहणारे आप्पा खाली आले. ते लिंगायत, घरात कांदाही जपून. उंदीर मेलाय म्हणून त्यांनी माणसं लावून दोन्ही गाळ्यांची गटारं उपसून घेतली. व्यंकट स्वतः टॉर्च धरून उभा होता. खरं सांगायची हिंमत झाली नाही. तो गोळा रश्श्यात गेला, आणि एवढं करून नायनांनी चव घेऊन म्हटलं, न्हाई.

उलगडा झाला तो माझ्या गावठीपणामुळे. मी पेपर तपासायला लातूरला गेलो होतो. पिशवीत आईनं दिलेली कारळ्याची चटणी होती. आमच्याकडे कारळं भाजून, लसूण-मीठ घालून कुटतात, काळी कुळकुळीत आणि जरा उग्र. मी ती कशावरही टाकतो, भातावर, पिठल्यावर. तशी मोहिंग्यावर टाकली. व्यंकट म्हणाला, अरे बाबा, तीन तास खपून केलंय ते, काय करायलास? मग माझ्याच वाडग्यात चमचा घालून त्यानं चव घेतली आणि समोरच्या खुर्चीवर बसला. मग त्यानं सांगितलं. नांदेडला आल्यावर त्यांची पहिली खोली एका लिंगायत व्यापाऱ्याच्या घरात होती. अट एकच, मासळी शिजायची नाही. नानम्माला रंगूनचा रस्सा तर करायचाच होता. त्या व्यापाऱ्याचं दुकान तेलबियांचं, तेव्हा मासळीच्या जागी तिनं कारळं घातलं असणार... "म्हणजे बघ," व्यंकट म्हणाला, "नायनाच्या जिभेवरची रंगून ही नांदेडातच झालेली हाय." मी म्हणालो, मग सांग की त्यांना. त्यानं मान हलवली. नऊ वर्षांचा असताना सगळं तिकडं टाकून आलेला माणूस, त्याच्याकडं तेवढी एक चव राहिलीय, ती तिकडची नव्हती असं मी कसं सांगू? तू पण बोलायचं नाहीस.

पुढच्या गुरुवारी त्यानं रश्श्यात कारळं घातलं. संध्याकाळी फोन केला तेव्हा हसत होता. नायनांनी वाडगा चाटूनपुसून संपवला म्हणाला. आणि? "आणि म्हणाले, थोडं राहिलंय." त्यानंतर 'न्हाई' कधी आलं नाही, पण 'झालं' असंही आलं नाही. वर्षानुवर्षं दर गुरुवारी तेच, थोडं राहिलंय. आम्ही दोघांनी डोकी लढवली. मी गावाकडून जवस नेला, तीळ नेले, चिंचेचे दोन प्रकार नेले. व्यंकट सगळं करून पाहायचा. कंटाळला असं कधी दिसलं नाही. बुधवारी रात्रीच त्याच्या आवाजात उत्साह यायचा.

व्यंकटच्या तेराव्यानंतर नायना नांदेडला परतले ते आलेच नाहीत. सुजातावहिनी, व्यंकटची पत्नी, यांनी हॉटेल पुन्हा उघडलं होतं. त्यांचा मला फोन आला. दर गुरुवारी वाडगा करून ठेवते, भावजी, गाडीच्या वेळेला दारात उभी राहते. फोनवर बरं आहे म्हणतात. एकटा माणूस, घरात काय खातो देव जाणे. मी म्हणालो, या गुरुवारी मी येतो. सकाळी लोह्याच्या स्टँडवर उभा राहिलो. नांदेडहून लातूरला जाणारी प्रत्येक गाडी इथूनच जाते. खिडक्या बघत होतो. पहिल्या गाडीत नव्हते. दुसरीत होते. शेजारच्या सीटवर पिशवी ठेवून बसलेले. मला पाहून त्यांनी पिशवी मांडीवर घेतली. चाकूर मागं पडल्यावर म्हणाले, "मास्तर, आज सुनंला सांगून येतो. गुडघे लई दुखायलेत. आता दर आठवड्याला जमायचं न्हाई." मी मान डोलावली. ज्याच्यासाठी यायचे तो तिथं नव्हता.

कोपऱ्यातल्या टेबलावर ते बसले. वहिनींनी वाडगा आणून ठेवला. थोडा रस्सा बाहेर सांडला. नायनांनी दोन घास घेतले, थांबले, वाडग्यात बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "कारळं जरा जास्त भाजलंय, सुजाता."

वहिनींनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, काका, तुम्हाला ठाऊक होतं? ते म्हणाले, त्यात ठाऊक नसायला काय झालं? आईनं कारळं वाटल्यावर पाटा कोण धुवायचं? मीच. काळं पाणी जायचं मोरीतनं. मग खाऊ लागले. शांतपणे, शेवटच्या शेवईपर्यंत. वहिनी पदराला हात पुसत तिथंच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "मग मामा, इतकी वर्षं राहिलं होतं तरी काय?"

नायना उठले. दर गुरुवारी करायचे तसे वाडगा घेऊन स्वतः नळाकडे गेले. व्यंकट नको नको म्हणायचा, तरी ते तो वाडगा कुणाला धुवू द्यायचे नाहीत. त्यांनी तो विसळला, खिडकीतल्या फळीवर पालथा घातला आणि पिशवी खांद्याला लावली. गुडघ्यांचं ते आता सांगतील म्हणून मी उठून उभा राहिलो. पायरीवर थांबून ते सुनेला म्हणाले,

"मंद जाळावर भाजत जा. आज थोडं राहिलंय... बघू की पुढच्या गुरुवारी."